तेहतीस पाकिटं आणि एक डबा

ज्यांच्या घरात फ्रीजवर किंवा टीव्हीशेजारी ताकदीच्या पावडरीचा डबा आहे, त्यांनी आधी हे वाचावं, मग दूध गरम करायला ठेवावं. मी डॉक्टर नाही. माझं नाव सुमन, लातूर जिल्ह्यात मुरुडला अंगणवाडी सेविका आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या दोन्ही किडन्या बंद पडायच्या बेतात आल्या होत्या. कुठल्या रोगानं नव्हे. मीच त्यांना तिथवर आणलं होतं, रोज सकाळी, नेमानं, कपात चमचा ढवळून.

असलं काही अडाणी बायका करतात, असं कोणाला वाटत असेल तर सांगते, मी चांगली शिकलेली आहे. दर सहा महिन्यांनी आमच्या अंगणवाडीत नर्सबाई येतात, पोरांना जीवनसत्त्व अ चा डोस द्यायला. मी पोरगं मांडीत आवळून धरते, त्या चमच्याच्या खुणेपर्यंत औषध भरून जिभेवर सोडतात, मी कार्डावर तारीख घालते. एखादी आई हमखास म्हणते, "बाई, आणिक अर्धा चमचा द्या की, डोळे चांगले होतील." मी तिला सगळ्यांदेखत झापते. "मिठाचं काय करतीस? आमटीत जास्त टाकलं तर जास्त चव येती का?" एकवीस वर्षं मी हे वाक्य फेकत आले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते माझंच वर्णन.

वाण

माझी धाकटी जाऊ रेखा नांदेडला असते. बोलायला चटपटीत, कामाला वाघीण. काही वर्षांपूर्वी तिनं एका कंपनीचे डबे विकायला घेतले. हाडांची पावडर, केसांच्या गोळ्या, असलं बरंच. कंपनीच्या मेळाव्यात तिला व्यासपीठावर बोलावून शाल घातली. तो फोटो तिनं बैठकीत लावलाय, लग्नाच्या फोटोच्या वर. मी एकदा चेष्टा केली, "भावजींना खाली उतरवलंस की गं."

ती म्हणाली, "अक्का, लग्नात शाल त्येंलाच मिळाली होती. मला कुणी दिली?"

मी पदरानं त्या फोटोची काच पुसली.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी होतं. रेखा मुद्दाम नांदेडहून आली. वाण म्हणून आमच्याकडे कोणी वाटी देतं, कोणी चाळणी, कोणी प्लास्टिकची टोपली. रेखानं प्रत्येकीच्या ओटीत हाडांच्या पावडरीचा छोटा डबा घातला. अकरा जणी होत्या, शिवाय मी. वाण परत करायची रीत नाही, हे तिलाही माहीत आणि त्यांनाही. तरी एकीनं डबा उलटासुलटा करून मला विचारलं, "बाई, चांगलं असतंय का हे?"

मी चष्मा लावला. डब्यावर परवान्याचा नंबर होता, तारीख होती, हिरवा ठिपका होता. मी म्हणाले, "सरकारी नंबर आहे की. खा बिनधास्त."

माझ्या आजाराची सुरुवात डॉक्टर कुठूनही धरोत, मी या वाक्यापासून धरते.

मुदत

आता पाकिटांचं. आमच्या घरात औषध सुरू करणारे सगळे आहेत, पुरं करणारं कोणी नाही. सासूबाई मोरीत पडल्या, मनगट मोडलं, तेव्हा डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीची पाकिटं दिली, आठवड्याला एक. त्यांनी दोन घेतली आणि तोंड वाकडं केलं. आमच्या मालकांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, वाकून वाकून कंबर धरते, त्यांनाही तीच पाकिटं. लेक पुण्याला हॉस्टेलला, ती थकते म्हणून तिलाही तीच, आणि गुडघ्यांसाठी मला. सगळ्यांची उरलेली पाकिटं एका पत्र्याच्या डब्यात पडून राहिली.

फेब्रुवारीच्या शेवटी घर झाडताना तो डबा सापडला. मोजली तर तेहतीस. मुदत मार्चअखेर.

इथं अंगणवाडीबाहेरच्या माणसाला माझं वागणं कळायचं नाही. आमच्याकडे साठ्यातलं काही मुदत संपून फळीवर सापडणं म्हणजे महापाप. पर्यवेक्षिका येतात ते आधी तारखाच बघतात. शेंगदाण्याचं पाकीट असो नाही तर लोहाची गोळी, मुदतीच्या आत योग्य तोंडात गेली पाहिजे. ही सवय हाडात मुरलेली. माझ्या मनात एकच विचार आला, आठवड्याला एक घेतलं तर मार्चअखेरपर्यंत पाचच संपतील आणि अठ्ठावीस बाद होतील.

म्हणून रोज एक. सकाळच्या दुधात आधी पाकीट, मग रेखाच्या डब्यातली दोन चमचे पावडर. वाणातला डबा संपला तसा तिनं मोठा पाठवून दिला होता. दाराआडच्या कॅलेंडरवर मी रोज बरोबरची खूण करायची. मुदतीच्या आत शेवटचं पाकीट संपवलं, त्या दिवशी मला चक्क अभिमान वाटला होता. पावडर पुढेही चालूच राहिली.

तहान

एप्रिलमध्ये तहान सुरू झाली. लातूरकडच्या माणसाला उन्हाळ्यात तहान लागली म्हणून कोणी दवाखान्यात नेत नाही. मी तांब्यावर तांब्या रिचवायची आणि दर अर्ध्या तासाला उठायची. मालक म्हणाले, "आपल्या नळाला आठ दिवसाला पाणी येतं, एवढं तरी ध्यानात ठेव." मी हसले. मग भूक गेली. मग उलट्या. पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. गावातल्या डॉक्टरांनी आधी ॲसिडिटी सांगितली, मग ऊन बाधलं म्हणाले.

मी घाबरले ती वेगळ्याच गोष्टीनं. अंगणवाडीत हजेरी घेताना समोर बसलेल्या पोरीला मी तिच्या आईच्या नावानं हाक मारली. तिची आईही वीस वर्षांपूर्वी माझ्याच अंगणवाडीत होती. मदतनीस हसली. मी दुसऱ्यांदा तेच नाव घेतलं, तेव्हा ती हसायची थांबली. पोरगी माझ्याकडे बघत होती आणि तिचं नाव काही केल्या मला आठवेना.

त्याच दुपारी मालकांनी मला लातूरला नेलं.

"औषधं कोणती चालू आहेत?"

लातूरच्या दवाखान्यातल्या किडनीच्या डॉक्टर बिराजदार मॅडम माझ्या लेकीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. रक्त तपासून त्यांनी सांगितलं, किडन्या निम्म्याहून कमी काम करतायत, आणि रक्तात कॅल्शियम फार आहे.

"एवढं कॅल्शियम कुठून येतंय ते शोधावं लागेल, काकू. गळ्यातली एखादी गाठ असते, कधी हाडाचा आजार असतो." पुढे म्हणाल्या, "कधी कॅन्सरही असतो. आहे असं मी म्हणत नाही. शोधावं लागेल, एवढंच."

शब्द कानावर पडला की पुढचं काही ऐकू येत नाही, हे मी लोकांकडून ऐकलं होतं. खरं आहे. मॅडमचे ओठ हलताना दिसत होते. मालक उठून व्हरांड्यात गेले आणि भिंतीवरची लसीकरणाची पाटी वाचत उभे राहिले. त्यांना मराठी वाचायला एवढा वेळ लागत नाही.

मॅडमनी विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?"

"काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. काहीच नाही. तिसऱ्या दिवशी, "आयुर्वेदिक? होमिओपॅथी?" मी म्हणाले, "मॅडम, मला गोळ्यांचा नादच नाही."

मी खोटं बोलत नव्हते. पाकिटं संपून महिना उलटला होता, आणि पावडर म्हणजे औषध नव्हे, पावडर म्हणजे खुराक. डब्यावरच छापलंय, "औषधी वापरासाठी नाही". चार दिवस माझ्या अंगात गाठी शोधत होते. फोटो काढले, सोनोग्राफी केली, हाडात सुई घालायचं ठरलं. ते चार दिवस मी मनातल्या मनात लेकीचं लग्न लावून टाकलं, सासूबाईंची सोय केली, आणि मालकांना स्वयंपाक येत नाही या गोष्टीवर रडले.

शबाना सिस्टर

पाचव्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे दूध मागवलं, पिशवीतून डबा काढला आणि दोन चमचे घालून ढवळू लागले. हो, दवाखान्यात. मालकांकडून घरून मागवून घेतला होता. अशक्तपणा एवढा, म्हटलं ताकदीला निदान आपली पावडर तरी असू द्यावी.

शबाना सिस्टर सलाईन बदलायला आल्या होत्या. देगलूरच्या, बारीक चणीच्या, आवाज मात्र बाजारभर जाईल असा.

"मावशी, काय मिसळून राहिल्या दुधात?"

"पावडर आहे. हाडाची."

"कवापासून?"

"संक्रांतीपासून."

त्यांनी कप माझ्या हातातून घेतला नाही, ओढून घेतला. डबा वाचला. "या अल्ला! आम्ही वरून सलाईन सोडून तुमचं कॅल्शियम खाली आणून राहिलो अन् तुम्ही खालून भरून राहिल्या व्हय!" आख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. सिस्टर डबा घेऊन तशाच मॅडमकडे पळाल्या.

मॅडम आल्या, स्टूल ओढून बसल्या. या वेळी त्यांनी औषध हा शब्दच वापरला नाही. "काकू, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं, तेवढं सांगा." मग डब्यामागून पाकिटंही निघाली. किती, असं विचारल्यावर मी मालकांना म्हणाले, घरी फोन लावा, कॅलेंडरचा फोटो मागवा. शेजारच्या पोरीनं फोटो पाठवला. फेब्रुवारी-मार्चची पानं, रोज एक बरोबरची खूण, एकही खाडा नाही.

मॅडम फोटोकडे बघत राहिल्या. "इतकं नेमानं औषध घेणारा पेशंट मला आजवर मिळाला नाही," त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघीही हसलो. नंतर मी खूप रडले, लाजेनं आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून. कॅन्सर नव्हता. रक्तातलं व्हिटॅमिन डी मोजायला पाठवलं तर आकडाच आला नाही, यंत्राला याच्या पुढे मोजता येत नाही एवढंच छापून आलं. हाडात सुई घालायचं रद्द झालं.

मालक फक्त एवढंच म्हणाले, "तेहतीस? आगं, मोटारीला बी इतकं ऑइल पाजत न्हाईत."

सोमवारपर्यंत

व्हिटॅमिन डी अंगातल्या चरबीत साठून बसतं आणि तिथून पाझरत राहतं. त्यामुळे डबा बंद केला म्हणजे आजार बंद झाला, असं होत नाही. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, रक्तातला किडन्यांचा आकडा, क्रिएटिनिन म्हणतात तो, सोमवारपर्यंत खाली यायला लागला तर ठीक, नाही तर डायलिसिस. तात्पुरतं की कायमचं, ते आज सांगता येणार नाही.

डायलिसिसची खोली त्याच मजल्यावर, शेवटी डावीकडे होती. तिथून बाहेर येणाऱ्या माणसांच्या दंडाला पट्टी असायची आणि ती भिंत धरून चालायची. मी शौचाला जाताना तिकडे बघायचं नाही, असं ठरवायची आणि रोज बघायची. मला भीती वाटत होती. देवाचं नाव घेताना मध्येच विसरायला व्हायचं, इतकी.

दिवसाचं काम एकच, सलाईन आत आणि लघवी बाहेर. मालक प्लास्टिकच्या मापात लघवी मोजायचे आणि कागदावर लिहायचे. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी घरात दुधाचं माप कधी हातात घेतलं नव्हतं. दूध, दही, तीळ, नाचणी सगळं बंद. मेचा महिना आणि मला सांगितलं, उन्हात जाऊ नका. मी म्हटलं, मॅडम, मुरुडला ऊन घरात येतं. माझी थोरली बहीण मीठ कमी घालून येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि मऊ भाकरी आणायची. ज्या दिवशी त्या आमटीचा वास आल्यावर उलटी न येता भूक लागली, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मी घरी जाईन.

मॅडमना एक गोष्ट खटकत होती. त्या म्हणाल्या, "तेहतीस पाकिटं म्हणजे जास्तच झाली. पण तुमच्या रक्तातलं प्रमाण त्याहूनही जास्त वाटतंय. डब्यावर लिहिलंय तेवढंच डब्यात आहे का, याची मला शंका आहे."

रेखा आली

मालकांना राग येतो तो फोनवर. त्यांनी भावाला नको नको ते बोलून घेतलं, आणि रविवारी सकाळच्या गाडीनं रेखा एकटीच लातूरला हजर. हातात कंपनीचं माहितीपत्रक.

"अक्का, तुमाला बरं वाटावं म्हणून आले," हे पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, "पण माझ्या डब्याला नाव ठिवायचं काम न्हाई. पाकिटं तुमी खाल्लाव. तेहतीस! त्येचं खापर माझ्या पावडरीवर कशाला? शंभर बायका खायल्यात, कुणाला काय झालं? मी सोता खाते, रोज दोन टाइम."

पाकिटांचं खरंच होतं. मालक मात्र उसळले. शेजारच्या खाटेवरच्या आजी पांघरूण डोक्यावरून खाली घेऊन ऐकायला लागल्या. रेखा बोलत होती आणि बोलता बोलता माझ्या खाटेजवळची पाण्याची बाटली उचलून तिनं एका दमात संपवली. मग म्हणाली, "बाथरूम कुठं हाय?" जाऊन आली. पुन्हा भांडण. पुन्हा मालकांची बाटली. पुन्हा बाथरूम.

मी तिच्याकडे नीट बघितलं. ओठ सुकलेले. गालफडं आत गेलेली. मोठ्या हौसेनं शिवलेलं ब्लाऊज खांद्यावरून उतरत होतं. हे मी आरशात बघितलं होतं, एप्रिलमध्ये.

"रेखा, जेवतीस का गं नीट?"

"उन्हाळ्यात कुणाला भूक लागती?"

"पोट साफ होतं?"

ती चिडली. "मला काय बी झालं न्हाई! मला बिमार पाडून तुमाला डबा खोटा पाडायचा हाय व्हय?" आणि पिशवी उचलून निघाली. मालक म्हणाले, "जाऊ दे तिला." मी उठून बसले. हाताला सलाईन, नाही तर मागे पळाले असते.

सोमवारी माझा आकडा थोडासा उतरला. दशांशाच्या पुढचं घर बदललं, एवढंच. मॅडमनी अंगठा वर केला आणि शबाना सिस्टरनी आख्ख्या वॉर्डाला सांगितलं. डायलिसिस टळलं होतं. मी हात जोडले, आणि पुढच्याच मिनिटाला मनात आलं, माझ्याकडे निदान डॉक्टर आहेत. रेखा तिकडे आजही दोन टाइम खात असणार.

मंगळवार, बुधवार मी तिला फोन करत राहिले. आधी रागावले, मग समजावलं, मग भावजींना मध्ये घातलं. ती फोन कट करायची. तिचं काय पणाला लागलंय ते मला कळत होतं. ती शाल, तो फोटो, नांदेडच्या गल्लीत मिळालेला मान, सगळं त्या डब्यावर उभं होतं. ते डबे वाईट निघाले तर तिचं नाव काय उरणार?

गुरुवारी मी पवित्रा बदलला. एकवीस वर्षं हट्टी आयांकडून पोरांना टोचून घेतलंय, काहीतरी शिकलेच असेन.

"रेखा, तुझा डबा चांगला आहे ना?"

"हाव. आहेच."

"मग एकदाच रक्त दे. रिपोर्ट चांगला आला तर मी त्या अकरा जणींना घरी बोलवीन, त्यांच्यासमोर तुझी माफी मागीन, आणि आमच्या मालकांना तुझ्या पाया पडायला लावीन."

या वेळी तिनं फोन कट केला नाही. मग म्हणाली, "पाया पडायचं न्हाई, अक्का. माफी पुरे."

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज इतका बारीक की मला दुसऱ्या कोणाचा वाटला. "अक्का, माझ्याबी रिपोर्टात तेच आलंय." तिनं एकही पाकीट खाल्लेलं नव्हतं. नुसता डबा.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला बोलणार? फोन कानाला लावून आम्ही दोघी रडत राहिलो. तिला नांदेडलाच दाखल केलं. लवकर सापडलं म्हणून तिच्या किडन्यांना फारशी इजा झाली नव्हती, चारच दिवसांत घरी सोडलं.

लोहाच्या गोळ्या

अठरा दिवसांनी मी मुरुडला परत आले. किडन्या पूर्ण पहिल्यासारख्या झाल्या नव्हत्या, पण दर पंधरवड्याला आकडा उतरत होता. सगळ्यात आधी त्या अकरा घरी गेले. प्रत्येक दारात तेच सांगितलं, "मी खा म्हणाले होते, आता मीच सांगते, खाऊ नका. उरला असेल तर द्या." काही जणींनी डबा कधीच धुऊन त्यात मोहरी भरली होती. तिघी अजून खात होत्या. त्यांचं रक्त तपासून घेतलं. एकीचं थोडं वाढलेलं निघालं, बाकी दोघी ठीक. वाण परत घेणारी गावातली पहिली बाई मीच असणार.

यात एक नवंच झालं. आमच्याकडची एक पहिलटकरीण, पाचवा महिना, अंगात रक्त अगदी कमी. तिनं लोहाच्या गोळ्या माझ्यापुढे ठेवल्या. "बाई, तुमीच गोळ्या-पावडरींनी मरायला टेकला होता. मी न्हाई खाणार."

माझ्या आजाराचं हे फळ मला दवाखान्यातल्या सुईपेक्षा जास्त टोचलं. मी तिला शेजारी बसवून घेतलं. म्हटलं, "ही गोळी तुला रक्त तपासून दिली. किती द्यायची ते ठरलेलं, कोणी दिली ते कार्डावर लिहिलेलं, पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणार. माझा डबा मला कोणी तपासून दिला नव्हता. आणि पाकिटं आठवड्याला एक असं कागदावर लिहून दिलेली होती, तो कागद मीच मोडला. गोळीचा दोष नाही गं त्यात." तिनं गोळी घेतली की नाही याची खात्री म्हणून मी समोर बसून राहिले. आता ती रोज घेते. परवा तिचं रक्त वाढलेलं आलं, तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त नाचले.

नांदेड

जूनच्या शेवटी मी नांदेडला गेले. रेखाकडे न उघडलेले सहा डबे उरले होते. ते घेऊन आम्ही दोघी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो. साहेब शांत होते, डबे हातात घेऊन वाचत होते. मी त्यांना विचारलं, "साहेब, सरकारी नंबर आहे की यावर?"

"ताई, तो नंबर कारखान्याला दिलेला परवाना आहे. हा डबा कोणी उघडून तपासलाय, असा त्याचा अर्थ नाही. औषध असतं तर बाजारात यायच्या आधी मंजुरी लागली असती. हे कायद्यानं अन्नात मोडतं. लेबलावर लिहिलंय तेवढंच आत घालायचं, ही जबाबदारी बनवणाऱ्याची. आम्ही नमुने घेतो, पण डबे किती आणि आम्ही किती. कोणीतरी आजारी पडून तक्रार केली की आम्हाला दिशा कळते."

"म्हणजे तपासणी आम्हीच केली म्हणायची, खाऊन," मी म्हणाले. माझा स्वभाव दवाखान्यात काही सुधारला नव्हता. साहेब कसनुसं हसले, पण त्यांनी कागद पुढे केला. डबे प्रयोगशाळेत जाणार होते, त्यासाठी लेखी तक्रार लागत होती.

"तक्रारदार तुम्हीच ना, ताई?"

मी पेन उचललं. रेखानं कागद आपल्याकडे ओढला.

"माझं नाव लिवा. खाणारी मी, विकणारी बी मीच."

साहेब म्हणाले, "मग तुमचीही चौकशी होईल."

"होऊ द्या. डबे कुणाकुणाच्या घरात गेलेत ते माझ्याबिगर कुणाला म्हाईत हाय?"

तिनं सही केली. मग बाहेरच्या बाकावर बसून आम्ही यादी करायला घेतली, ज्यांना ज्यांना तिनं डबा दिला होता त्यांची. ती सांगणार, मी लिहिणार आणि तिथूनच फोन लावणार. वही उघडून मी तिच्या तोंडाकडे बघत बसले.

"माझी आई," ती म्हणाली. "हिमायतनगरला. दर महिन्याला पाठवते, अक्का. मी आजारी पडल्यापास्नं तिला इचारायची हिंमतच झाली न्हाई."

फोन मीच लावला आणि स्पीकर चालू केला. तिकडून म्हातारीचा खणखणीत आवाज आला. मी विचारलं, "मावशी, रेखानं पाठवलेली पावडर खाता ना? रोज किती चमचे?"

"कोण खातंय," म्हातारी म्हणाली. "पाची डबे तसेच हायेत कपाटात, लुगड्याखाली. लेकीनं तिच्या कमाईतनं पाठवलेलं हाय, संपून जाईल म्हणून उघडलंच न्हाई. तिला सांगू नका बरं का, ती रागावंल."

रेखानं पदर तोंडात कोंबला. हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. मी वहीत पहिल्या नावापुढे "ठीक" लिहिलं आणि तिला म्हणाले, सांग, पुढचं नाव सांग.